विटांवर स्कॉर्पिओ आणि खाली मोठेबाबा

परवा रविवारी नागपुरात मनीषनगरला मोठेबाबांकडे, म्हणजे मोठ्या काकांकडे गेलो तर पोर्चमध्ये त्यांचे फक्त पाय दिसून राहिले होते. बाकीचे मोठेबाबा 2009 च्या स्कॉर्पिओखाली, आणि स्कॉर्पिओ विटांवर. एका बाजूनं चार, दुसऱ्या बाजूनं तीन आणि उंची जुळवायला वरून एक फुटकी फरशी. जॅक काढून बाजूला ठेवलेला. मोठीआई चहाचा कप घेऊन उभी, मला म्हणते, अरे ग्रुपवर आलं ना कसं करायचं ते.

तर तो मेसेज. तुमच्याकडेही आला असेलच, "शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत, जुनी एसयूव्ही घरच्या घरी सांभाळा", खाली सहा उपाय आणि शेवटी हात जोडलेले. मोठेबाबांच्या गाडीला 15 वर्षं झाली, आरटीओतून पुन्हा पासिंग करून 5 वर्षं मिळवली, आता ती पाच वर्षं फुकटात काढायची असा त्यांचा निश्चय आहे. निश्चयाला माझी हरकत नाही. ऑइल मीही घरीच बदलतो.

पण विटा. मेसेज म्हणतो, "एक वीट 10 टन वजन पेलते, गाडी 2 टनाची, मग स्टँडवर पैसे कशाला?" (स्टँड म्हणजे जॅक स्टँड, उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी आधार.) आता मी सिव्हिलवाला माणूस, विटा फोडण्यात माझी उमर गेली, निदान या विषयावर तरी मला कोणी फॉरवर्ड पाठवू नये. गणित खोटं नाही हे कबूल करतो, नाइलाजानं. 190 बाय 90 मिलिमीटरची वीट, ताकद चौरस मिलिमीटरला 10 न्यूटन धरली तर हिशोब 17 टनांपर्यंत जातो, म्हणजे मेसेजवाल्यानं कमीच सांगितलं. पण ती ताकद मोजतात कशी हे आयएस 3495 मध्ये, म्हणजे विटा तपासायच्या भारतीय मानकात, लिहिलेलं आहे ते वाचा ना बे. वीट 24 तास पाण्यात ठेवायची, वरचा खळगा सिमेंटच्या मसाल्यानं भरून सपाट करायचा, खाली-वर प्लायवुडचे तुकडे लावायचे आणि मग मशीनच्या सपाट प्लेटांमधून सगळ्या अंगावर सारखा, सरळ वरून भार द्यायचा. एवढे लाड केल्यावर ती वीट तेवढं पेलते. तुमच्या पोर्चमध्ये चेसिसची कड विटेच्या एका रेघेवर बसते, विटेचं अंग वाकडंतिकडं, त्यावर फुटकी फरशी, खाली पेव्हर ब्लॉक आणि त्याखाली आपली काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वरून मोठेबाबा आतून जाम नट सोडवायला पान्याला हिसके देऊन राहिले, म्हणजे आडवा धक्का, जो त्या टेस्टमध्ये नसतोच.

आणि मुख्य गोष्ट, वीट वाकत नाही. लोखंड आधी वाकतं, माणसाला निघायला एखादा क्षण तरी मिळतो. लॅबमध्ये विटेवरच्या भाराचा काटा चढत जातो, चढत जातो, फट्, तुकडे. त्यातून मोठेबाबांच्या विटा राखेच्या, कंपाउंडच्या भिंतीतून उरलेल्या, कोपरे बोटानं झडतात. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात मॅन्युअल पडलंय, त्यातही जॅकच्या भागात लिहिलेलं असतं की गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका. जिथं जॅकवर भरोसा नाही तिथं वीट!

बाकीचे उपाय पटकन उरकतो. 

"ब्रेक ऑइल कमी झालं तर पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं टाका, तेल ते तेल." नाही. ब्रेकमध्ये डॉट 3 किंवा डॉट 4 लागतं, झाकणावरच छापलेलं असतं. खनिज तेलानं आतले रबर फुगतात आणि ब्रेक जातात, ते घरासमोर नाही जाणार, चिखलदऱ्याचा घाट उतरताना जातील. शिवाय ते कमी का झालं? एकतर पॅड झिजले, नाहीतर गळून राहिलं. वरून ओतून दोन्ही बरे होत नाहीत.

"कूलंट थंड देशांसाठी, नागपुरात बर्फ पडत नाही, साधं पाणी टाका." कूलंट गंजासाठीही असतं आणि उकळायचं तापमानही वर नेतं. आपल्याकडे 2013 च्या मे मध्ये पारा 47.9 ला गेला होता. (2024 मध्ये 56 चा आकडा फिरला तो बिघडलेल्या सेन्सरचा होता, तोही याच ग्रुपवर आलेला.) बोअरचं पाणी टाकाल तर रेडिएटरमध्ये क्षार धरेल. रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत पोचायला पाणी चालतं, एवढं ठीक. पण "गाडी तापली की लगेच झाकण उघडा" हे लिहिणाऱ्याला शोधून काढलं पाहिजे. आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की दाब गेला आणि वाफ आणि उकळतं पाणी एकदम तोंडावर.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह, काढून टाका म्हणे. त्यानं उन्हाळ्यात काटा खाली राहतो, खरं आहे, आणि डिसेंबरात इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पिते. रॉकेलनं इंजिन धुवायचं म्हणे. रेशनचं रॉकेल कुठं मिळून राहिलं आता?

एअर फिल्टर घरी झटकायचा, हा एकच उपाय पूर्ण बरोबर निघाला सहापैकी.

मी जॅक परत लावून मोठेबाबांना बाहेर काढलं. त्यांनी चहा प्यायला, अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी जॅक स्टँडची जोडी आणून दिली आणि विटा मोठ्याआईनं तुळशीपाशी नेऊन लावल्या. काल रात्री मोठेबाबांचा फोन, "काय रे, दोन स्टँडवर चारही चाकं एकदम काढता येतील का?"