‘स्टॅटिक टाका आणि विसरा’? विसरल्यामुळंच तर घोळ होतो

उद्यमनगरातल्या आमच्या पॅनेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: “बीएमएसच्या कंट्रोलरला स्टॅटिक आयपी टाका आणि विसरा. डीएचसीपीवर पत्ता रोज बदलतो. आयपी वेगळे असले की झालं.”

बीएमएस म्हणजे इमारतीतली एसीसारखी यंत्रं सांभाळणारी प्रणाली. स्टॅटिक म्हणजे हातानं टाकलेला, ठरलेला नेटवर्क-पत्ता; डीएचसीपी म्हणजे राउटरनं आपोआप वाटलेला. आधी विसरण्याचं बघू. स्टॅटिक पत्ता कंट्रोलरला ठाऊक असतो, राउटरला नाही. ताराबाई पार्कातल्या एका इमारतीत एक एएचयू (एसीची हवा खेळवणारं यंत्र) सकाळी ऑफिस उघडलं की स्क्रीनवरून गायब व्हायचा. दोन दिवस केबल बदलण्यात गेले. शेवटी कंट्रोलरची लॅन केबलच उपसून हातात धरली, तरी लॅपटॉपवरून त्या पत्त्याला मारलेल्या पिंगच्या हाकेला उत्तर येतंय! एआरपी टेबलात, म्हणजे कुठला पत्ता कुणाकडं याच्या यादीत, दिसणारा मॅक (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क-क्रमांक) शोधत गेलो तर निघाला रिसेप्शनचा नवा प्रिंटर. आमच्याच माणसानं टाकलेला १९२.१६८.१.११० हा पत्ता राउटरच्या वाटपाच्या रेंजमध्ये होता. राउटरनं तो प्रिंटरला देऊन टाकला. स्टॅटिक टाकायचाच तर त्या रेंजच्या बाहेरचा टाका.

पत्ता रोज बदलतो, हेही खरं नाही. राउटर पत्ता ठरावीक मुदतीपुरता देतो, ती लीज; तिची निम्मी मुदत सरली की कंट्रोलर तोच पत्ता पुढं चालू ठेवायला मागतो, आणि एरवी तो मिळतोही. तरी भरवसा नको, म्हणून राउटरमध्ये मॅकवर रिझर्व्हेशन करा, म्हणजे पत्ता ठरलेलाच मिळतो. फक्त कंट्रोलर बदलला की नवा मॅक नोंदवायला लागतो, आणि रात्री दोनला बदलणारा तो नेमका विसरतो. मेसेजवाल्याची एक भीती मात्र रास्त आहे. वळवात लाइट जाऊन आली की कंट्रोलर आधी उठतो, राउटर मागनं. तेवढ्यात काही कंट्रोलर स्वतःच १६९.२५४ चा कामचलाऊ पत्ता घेऊन बसतात आणि स्क्रीनला सापडत नाहीत. राउटर आणि स्विचला यूपीएस द्या.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक. बॅकनेटमध्ये (या कंट्रोलरांची आपसात बोलायची भाषा) आयपीखेरीज प्रत्येक कंट्रोलरला डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे ओळख-क्रमांक, असतो, ० ते ४१९४३०२ मधला, आणि अख्ख्या बॅकनेट नेटवर्कात तो एकट्याचाच लागतो. एकाचा बॅकअप दुसऱ्यात ओतला की आयपी बदलतात, हा आकडा तसाच राहतो. मग दुसऱ्या मजल्याचं तापमान चौथ्याच्या नावावर दिसतं.

स्टॅटिकशिवाय पर्याय नाही अशी जागा मी एकच मानतो, बीबीएमडी. ‘कोण कोण आहे?’ असं सगळ्यांना विचारणारी बॅकनेटची ‘हू-इज’ची हाक राउटर ओलांडत नाही, ती पलीकडं पोचवणारा हाच, आणि त्याचा पत्ता दुसऱ्या बीबीएमडीच्या यादीत हातानं लिहिलेला असतो.