प्रतिक्रियेला उत्तर : अंगणातले खळगे आणि राजापुढचा पट

नमस्कार. कोरीव खेळपटांवरच्या, म्हणजे ओळीने खळगे असलेल्या आणि त्यांत बिया टाकत खेळायच्या लाकडी पटांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "आम्ही अंगणात खळगे करून चिंचोक्यांनी हेच खेळलो. पटाला प्रतिष्ठा वगैरे संग्रहालयवाल्यांनी चिकटवली."

आधी चूक कबूल करते. 'हा श्रीमंतांचा खेळ' असं मी लिहिलं होतं. ते काढून टाकलंय. खेळ सगळ्यांचाच. मातीतल्या खळग्यात चिंचोका जसा पडतो तसाच लाकडातल्याही पडतो.

पण दुसरं वाक्य मला पटत नाही. कुबा राज्य घ्या, आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातलं. तिथल्या राजांच्या लाकडी मूर्तींना न्डोप म्हणतात. चेहरे बरेचसे एकसारखे, त्यामुळे राजा ओळखायचा तो पुढ्यात कोरलेल्या खुणेवरून. त्या खुणेला इबोल म्हणतात. एका राजापुढे ढोल आहे. सतराव्या शतकातल्या श्याम अम्बुल अन्गूंग या राजापुढे मात्र खेळाचा पट आहे. एमिल टोर्डे या हंगेरियन मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळवलेली ही मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा फोटो मोठा करून पाहा. राजा मांडी घालून बसलाय, पापण्या खाली झुकल्यात, डाव्या हातात समारंभाचा सुरा आणि पुढ्यात ओळीने खळगे. याच राजाने फेकून मारायच्या सुऱ्यांवर बंदी घातली आणि जुगार सुटावा म्हणून लोकांना हा खेळ शिकवला, असं कुबा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पटाला मान दिला तो त्यांनी. मूर्ती लंडनला गेली ती नंतर.

तुमचा अंगणाचा मुद्दा मला उरच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन शहराच्या पटात उलट जास्त ठळक दिसतो. तिथल्या राजेशाही दफनभूमीत इ.स.पू. २६००च्या सुमाराचा वीस घरांचा पट सापडला, खेळ वेगळा, सोंगट्यांचा. त्यात शिंपले, लाल चुनखडी आणि दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड जडवलाय. तोच वीस घरांचा खेळ इराकमधल्याच खोर्साबादच्या, पुढच्या काळातल्या अ‍ॅसिरियन राजवाड्याच्या दारातल्या पंखवाल्या बैलाच्या चौथऱ्यावर कुणीतरी टोकदार हत्याराने ओरखडून ठेवलाय, बहुधा पहारेकऱ्यांनी. त्यांचं खेळणं चार रेघांवर भागलं. लाजवर्द लावल्याने सोंगटी एक घरही पुढे सरकत नाही. तो जडवला पटाच्या मालकासाठी, आणि त्याच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहावा म्हणून.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या अंगणात एका ओळीला किती खळगे असायचे? आणि शेवटचा चिंचोका रिकाम्या खळग्यात पडला तर काय करायचात? गावाच्या नावासकट लिहा, मला हे जमवून ठेवायचंय.