काय मँचेस्टरकर, कधी येताय?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, खरा पुणेकर कोण. अट नेहमीचीच, तीन पिढ्या पेठेत गेलेल्या पाहिजेत आणि हिंजवडीत फ्लॅट घेतलेल्यांनी गप बसायचं. मी चिंचवडचा, म्हणजे मला तर एंट्रीच नाही, आमची महापालिका १९८२ पासून वेगळी.

गंमत म्हणजे इकडे मँचेस्टरला पण सेम. ऑफिसात एकाला मी सहज मँक्युनियन (म्हणजे मँचेस्टरकर) म्हटलं तर गडी लगेच, छे, मी सॅल्फर्डचा! मध्ये फक्त अर्वेल नदी, पण सॅल्फर्ड वेगळं शहर, काउन्सिल वेगळी. मँचेस्टर युनायटेडचं फुटबॉलचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड तरी कुठं मँचेस्टर शहरात आहे, ते शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये, मँचेस्टर सिटी क्लबवाले ह्यावरून टोमणे मारायची एक संधी सोडत नाहीत.

बाकी ह्यांचे शब्द म्हणजे पाठच करायला लागतात. मँक्युनियन कुठून तर गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून. लिव्हरपूलचा लिव्हरपडलियन, म्हणजे चेष्टेत पूलचं डबकं केलं, नाहीतर मग स्काउजर, ते खलाशांच्या एका स्ट्यूवरून (उद्या आपण कोल्हापूरच्या लोकांना मिसळ्ये म्हणायचं का?). ग्लासगोचा ग्लासवीजियन, न्यूकॅसलचा जॉर्डी.

त्यापेक्षा आपलं गावाच्या नावापुढचं "कर" किती साधं. बाई पण पुणेकर, बाप्या पण पुणेकर. साताऱ्याचा सातारकर, बडोद्याचा बडोदेकर, थोडी मुरड घातली की झालं. कोल्हापुरी म्हणजे चप्पल आणि कोल्हापूरकर म्हणजे माणूस हे शेंबड्या पोराला पण कळतं. मुंबईकर तर इंग्रजी पेपरवाल्यांनी आहे तसा उचलला. आणि ह्यात जन्मदाखला कुठं मागितलाय? आडनावं बघा ना, गावात सगळेच तिथले, तिथं कोण कोणाला गावाच्या नावानं ओळखणार, गाव सुटलं की मग ते कर चिकटतं. म्हणजे शब्द बाहेर पडलेल्यांचा आणि मालकी सांगणार पेठेतले. वाडे पाडून बिल्डिंगी झाल्या, त्याचा त्यांना त्रास होतो ते कळतं मला, पण तो राग हिंजवडीवाल्यावर काढून काय उपयोग.

परवा सदाशिव पेठेतल्या आत्याचा फोन आला. मला जन्मभर "तुम्ही काय बाबा चिंचवडकर" म्हणून हिणवणारी आत्या म्हणते, "काय मँचेस्टरकर, कधी येताय?"

माझं घर सॅल्फर्डला आहे हे काय मी तिला सांगितलं नाही.