एफची शेपटी

लेकीच्या शाळेत कर्सिव्ह, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहिणं, सुरू झालं आणि घरातल्या सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालं. समोर चार रेघी वही, टोक काढून काढून बोटभर उरलेली पेन्सिल आणि गिरवायला 'एफ'. छापील एफ बिचारा गरीब, वाकलेली काठी नि तिच्यावर एक आडवी रेघ. कर्सिव्ह एफ मात्र वरच्या रेघेला टेकून थेट तळाच्या रेघेपर्यंत सूर मारतो, तिथे शेपटीची गाठ मारतो आणि पुढच्या अक्षराचा हात धरायला पुन्हा वर येतो. आमचा एफ सूर मारायचा, वर काही यायचा नाही.

"बाबा, हे कशाला शिकायचं? तू तर सगळं अंगठ्यानेच लिहितोस."

बिनतोड! पूर्वी अंगठेबहाद्दर ही शिवी होती, आता तो आम्हा सगळ्यांचा व्यवसाय आहे. शिवाय फिनलंडने २०१६ सालीच कर्सिव्हची सक्ती काढून टाकली. हे मी बायकोला ऐकवलं. तिने शांतपणे फोनवर शोधून सांगितलं, की ज्या कॅलिफोर्नियाने आयफोन जन्माला घातला, तिथेच २०२३ साली पहिली ते सहावी कर्सिव्ह शिकवायचा कायदा झालाय. फोन मी घेऊन दिलेला, हे विशेष.

पिसाची लेखणी दर अक्षराला उचलली तर शाईचे डाग पडत, म्हणून अक्षरांनी एकमेकांचे हात धरले, असं सांगतात. आमची पेन्सिल डाग पाडत नाही, नुसती मोडते.

एफ एकदाचा उरकला. पुढचा शब्द 'मिनिमम'. कर्सिव्हमध्ये त्याच्या ओळीने पंधरा उभ्या काड्या होतात, कुठली एमची आणि कुठली यूची हे देवालाही सांगता येणार नाही. मध्ययुगात हाताने पोथ्या उतरवून काढणाऱ्यांनी याच गोंधळापायी आयच्या डोक्यावर खूण द्यायला सुरुवात केली. लेकीने मोजून सतरा काड्या काढल्या आणि वहीवरच डोकं टेकून झोपली.

उरलेल्या चार ओळी मी लिहिल्या. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर लहान मुलाचं वाटावं. (उजव्याने लिहिल्या असत्या तरी चाललं असतं, हे नंतर कळलं.)

दुसऱ्या दिवशी वही आली. खाली लाल शाईत बाईंचा लांबलचक, झोकदार कर्सिव्ह शेरा. मी वही उलटी केली, सुलटी केली, चष्मा पुसला. फोनचा कॅमेरा धरला, त्यालाही काही उमजेना. "छान लिहिलंय बहुतेक," मी म्हणालो.

लेकीने वही ओढून घेतली आणि बोट फिरवत वाचलं, "शेवटच्या चार ओळी लिहिणाऱ्याने रोज एक पान सराव करावा."