खुलासा : २००८ मध्ये हिलरींची उमेदवारी ‘चोरली’ गेली नव्हती

‘२००८ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत (अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) हिलरी क्लिंटन यांना ओबामांपेक्षा जास्त मतं होती, पण सुपरडेलिगेट्सनी (मतदानातून न निवडलेल्या, पक्षाचे नेते-पदाधिकारी असलेल्या प्रतिनिधींनी) निकाल फिरवला’, असा दावा फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

हिलरींची आघाडी दिसते ती मिशिगनची मतं त्यांच्या पारड्यात टाकून ओबामांना तिथे शून्य धरल्यावर. पक्षाचा नियम मोडून मिशिगनने १५ जानेवारीलाच मतदान उरकलं. ओबामांनी तिथल्या मतपत्रिकेवरून नाव मागे घेतलं होतं. हिलरींना सुमारे ३ लाख २८ हजार मतं पडली आणि तब्बल २ लाख ३८ हजार लोकांनी ‘कोणालाही बांधील नाही’ हा पर्याय निवडला. एवढ्या माणसांना हिशेबातून पुसून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय आयोवासारख्या काही राज्यांत कॉकस, म्हणजे मतदारांच्या सभा, झाल्या. तिथे तेव्हा मतांचा अधिकृत आकडा जाहीरच झाला नाही, मग देशभराची बेरीज कुठून आणायची?

उमेदवार ठरतो तो पक्षाच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या संख्येवर. मतदानातून निवडलेल्या प्रतिनिधींत ओबामा शंभराहून जास्तीने पुढे होते. टेक्सासमध्ये तर मतदान हिलरींनी जिंकलं, तरी कॉकसमुळे तिथले जास्त प्रतिनिधी ओबामांना मिळाले.

दाव्यात एक गोष्ट खरी आहे. सुपरडेलिगेट्सशिवाय दोघांपैकी कोणालाच बहुमत गाठता आलं नसतं. पण त्यांनी आघाडीवरच्या उमेदवारालाच साथ दिली. ३ जूनला ओबामांनी बहुमत गाठलं आणि ७ जूनला हिलरींनी प्रचार थांबवून त्यांना पाठिंबा दिला.