उताणं झोपून आरसा बघा

चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो (आणि मित्रांनो, तुम्हीही चोरून आरशात बघता, माहीत आहे मला), एक प्रयोग करा. हातात आरसा घेऊन उताणं झोपा. दहा वर्षं गळून पडतात. आता उठून मान खाली घालून त्याच आरशात बघा. नको, राहू दे.

माझं वय एक्कावन्न. गाल ओघळलेत, जबड्याची रेषा पुसट झालीय, हनुवटीखाली एक वळी आलीय. दोन वर्षं मी "त्वचा घट्ट करणाऱ्या" क्रीमांवर पैसे उधळले. मग थोडं वाचलं आणि स्वतःचाच राग आला. कारण चेहरा ओघळतो तेव्हा सगळा दोष कातडीचा नसतोच. आतली चरबी विरते, खाली सरकते. हाडंही झिजतात, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, जबडा आक्रसतो. आतला सांगाडाच आटला, तर वरून लावलेलं क्रीम काय उचलणार? कोलेजनच्या (म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या) क्रीमचं तर हसूच येतं. त्याचा रेणू एवढा मोठा की तो कातडीत शिरतच नाही, वरवर ओलावा देतो आणि संपतं. त्यात रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलेजन जातं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या दोन वर्षांत आरशाशी इतकी भांडले नसते.

मग हातात काय उरतं? ऊन टाळणं. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकी डावीकडे. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, जाड, लोंबलेली! काच लावली तरी उन्हातले यूव्हीए (एक प्रकारचे अतिनील) किरण आत येतातच. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. मनाला येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांपेक्षा रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली. तेही अगदी साध्या सनस्क्रीननं. फक्त भरपूर लावा, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतकं. मानेला मी वीस वर्षं विसरले, ती आता वसूल करतेय.

सिगारेट सोडा, झटपट वजन उतरवू नका (गाल आधी उतरतात), आणि ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं त्वचेचं औषध) डॉक्टरांना विचारूनच लावा, गरोदरपणात तर अजिबात नको. त्यानं त्वचा सुधारते, पण महिने लागतात आणि लोंबलेलं काही वर जात नाही.

त्वचा घट्ट करणारी मशीन आणि कातडीखाली घालून चेहरा वर ओढणारे धागे, यांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. अल्ट्रासाऊंडच्या उपचारानं थोडी घट्टपणाची चाहूल लागते, तीही दोन-तीन महिन्यांनी. धागे विरघळतात, परिणामही ओसरतो. एका क्लिनिकमध्ये मला "शस्त्रक्रियेसारखाच रिझल्ट" असं सांगितलं. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. चेहरा खरोखर उचलते ती शस्त्रक्रियाच, कातडीखालचा थर ताणून बसवणारी. ती करून घेणाऱ्या बाईला नावं ठेवणाऱ्यांचा मला तर जास्तच कंटाळा येतो. केस रंगवले की कुणी काही म्हणत नाही, मग कानामागचे टाकेच का खुपतात?

माझ्या एका मैत्रिणीनं गेल्या वर्षी करून घेतली. महिनाभर सूज होती, कानाजवळ अजून बधिरपणा आहे. ऑफिसात विचारतात, "सुट्टीवर जाऊन आलीस का?" ती हो म्हणते. मी अजून ठरवलेलं नाही. तोवर खिडकीशेजारची खुर्ची बदलून घेतलीय.