दारातले आठ सेकंद

चर्चच्या पाळकाचं, म्हणजे पाद्र्याचं, काम म्हणजे रविवारी तासभर बोलणं, असा एक समज आहे. तो अगदीच खोटा नाही. फक्त जास्त कोण बोलतं, तिथे हिशेब चुकतो. वीस मिनिटांचा संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, सावकाश दिला तर साधारण दोन हजार शब्द होतात. मग मी दारात जाऊन उभा राहतो आणि नव्वद माणसं हात मिळवून बाहेर पडतात. प्रत्येकाने पंधरा शब्द टाकले तरी साडेतेराशे झाले. माझे दोन हजार विसरल्याबद्दल मंडळीला कुणी जाब विचारत नाही. त्यांचे साडेतेराशे मला मात्र गुरुवारपर्यंत तोंडपाठ लागतात.

ऐकणाऱ्याला बायबलनेच सवलत दिली आहे. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय: प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत असल्याचं सांगितलं, आणि वर येऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलला. युतुखाला एका शब्दाने कुणी रागावल्याची नोंद नाही. चर्चच्या इमारती बहुतेक एकमजली का असतात, यावर माझं स्वतःचं असं एक मत आहे.

दारात उभं राहणं दिसतं तेवढं सोपं नाही. पहिली अडचण दारापर्यंत पोचायची. शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की मधल्या वाटेने निघायचं, म्हणजे ‘आमेन’ला उंबरठा गाठता येतो. गीत चार कडव्यांचं आणि वादकाने तिसऱ्यालाच आवरतं घेतलं, तर पाळक सातव्या बाकापाशी अडकतो. पुढे जावं तर पळाल्यासारखं दिसतं, थांबावं तर वर्गणी मागायला आल्यासारखं. म्हणून कोणती कडवी म्हणायची ते वादकाला उपासनेआधी लेखी द्यावं. तोंडी सांगितलेलं कडवं टिकत नाही.

दुसरी अडचण झग्याच्या आत असते. कॉलरच्या माइकचा ट्रान्समीटर कमरेला, त्यावर झगा, आणि बटण नेमकं झग्याखाली. माइक चालू ठेवून स्पीकरच्या समोरून गेलात तर शिट्टी ठरलेली. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, असं ते चक्र. पण शिट्टी परवडली, कारण ती निदान सूचना देते. शिट्टी न वाजता माइक चालू राहिला तर दारात कानाशी सांगितलेलं पोटाचं दुखणं आतल्या सगळ्या बाकांना ऐकू जातं. वेदीपासून हलण्याआधी झग्यात हात घालून बटण बंद करायचं आणि दिवा विझल्याचं डोळ्यांनी बघायचं. बोटांच्या साक्षीवर भरवसा ठेवायचा नाही.

आता उभं कुठे राहायचं? उंबरठ्यात नाही, बाहेर दोन पावलं, एका अंगाला. उंबरठ्यात राहिलात तर बोळात बैलगाडी आडवी लावल्यासारखं होतं. माणशी आठ सेकंद धरले तर नव्वद माणसं बारा मिनिटांत मोकळी होतात. पण जावयाची कथा घेऊन एखादे काका तीन मिनिटं थांबले की त्यांच्यामागे बावीस जणांचे आठ-आठ सेकंद तुंबतात. आणि तुंबलेली माणसं बाजूच्या दाराने निघून जातात. बरोबर त्यांच्यातलंच कुणीतरी बुधवारी म्हणतं, “पाळकसाहेब, तुम्ही विचारलंसुद्धा नाही!” उपाय एकच. मागे एक अनुभवी पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, उभा करायचा. दहाव्या सेकंदाला त्याने पुढे व्हायचं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, “इकडे या, मला नीट सांगा.” पंच निवडताना आम्ही श्रद्धा, चारित्र्य आणि ऐकून घेण्याची ताकद बघतो. तिसरीवर खरं काम चालतं.

हाताचंही शास्त्र आहे. संधिवाताचा हात दाबायचा नाही. आपला तळवा खाली धरून त्यावर तो अलगद टेकू द्यायचा आणि वरून दुसरा हात ठेवायचा. लहान मुलांसाठी वाकायचं, नाहीतर त्यांना फक्त झगा भेटतो. आपल्याला सर्दी असेल तर सरळ हात जोडायचे. एका दुपारी नव्वद घरांत पोचणारी गोष्ट शुभवर्तमानच असली पाहिजे, सर्दी नव्हे.

“संदेश छान झाला” याचे अर्थ अनेक. नुसतं “छान झाला” म्हणजे वेळेत संपला. “आज चांगलं सुनावलंत” म्हणजे शेजारच्या बाकाला उद्देशून होतं, असं सांगणाऱ्याला वाटतंय. शेजारच्या बाकावरचा माणूसही पाठोपाठ येऊन हेच सांगतो, त्यामुळे न्याय आपोआप होतो.

नावांचा प्रश्न नाताळ आणि ईस्टरला पेटतो. ईस्टरची तारीख 22 मार्च ते 25 एप्रिल एवढ्या पट्ट्यात हिंडते, तरी वर्षातून दोनदाच दिसणारी मंडळी तिला अचूक गाठतात आणि दारात हसून विचारतात, “ओळखलंत का?” इथे थाप मारू नये. “रजिस्टरला नाव कसं लिहू?” ही जुनी युक्तीही वापरू नये, कारण उत्तर येतं, “माझ्या लग्नाच्या दाखल्यावर लिहिलंत तसंच.”

मी आधार घेतो तो पौलाचाच. करिंथकरांना लिहिताना तो आधी ठणकावतो, की क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यापैकी कुणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही. मग आठवतं, अरे, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला! आणि पुढे कबूल करतो, की आणखी कुणाचा केला असेल तर लक्षात नाही. हे सगळं एका दमात, खाडाखोड न करता. प्रेषिताला चालतं ते आम्हाला का चालू नये? मंडळीसमोर हा मुद्दा मांडून पाहण्यासारखा आहे. मात्र ज्याचा बाप्तिस्मा विसरलात त्याच्यासमोर मांडू नये.

दारात येतं काय काय? आजारपण, परीक्षा, नोकरीची मुलाखत, रक्तदान शिबिरासाठी हॉल, हॉलच्या खुर्च्या, त्या खुर्च्यांतल्या तीन मोडक्या, नळ. आणि “बाप्तिस्म्याचा दाखला हवाय, उद्या.” दाखल्यासाठी निदान वर्ष लागतं, कारण रजिस्टरमधल्या नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, नावाच्या नाही. वर्ष नसेल तर पानं उलटत बसायचं. “मी लहान असताना झाला होता,” ही माहिती खरी असली तरी शोधायला उपयोगी नाही.

आणि गाव लहान असलं की दार चर्चपुरतं राहत नाही. ते बँकेच्या रांगेत आपल्यामागे येऊन उभं राहतं. न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस असताना येतं. तेव्हा आपण काही बोलू शकत नाही म्हणून ते जरा जास्तच थांबतं.

तेव्हा लिहून ठेवणं आलं. मोबाइल काढू नये. समोरचा रडत असताना पाळक मेसेज बघतोय असं दिसतं. चार घड्यांचा कागद आणि पेन्सिल बरी, कारण पांढऱ्या झग्यात पेन गळलं की डाग पुढच्या पाळकापर्यंत टिकतो. लिहायचं माणूस गेल्यावर, पुढचा हात पुढे यायच्या आत. ऐकताना तीनच प्रश्न: काय, कधी, आणि प्रार्थनेत सगळ्यांसमोर नाव घेतलेलं चालेल का? तिसरा विसरलात तर पुढच्या रविवारी ज्याचं ऑपरेशन सासरी कळू द्यायचं नव्हतं, त्याच्यासाठी सासरचे सगळे उभे राहून प्रार्थना करतात.

रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल दोन डझनांच्या आसपास माणसांना नावानिशी सलाम सांगतो. ती यादी वाचून मला फार दिवस न्यूनगंड होता. मग बाविसाव्या ओवीत हळूच एक आवाज येतो, “हे पत्र लिहिणारा मी तर्तियस.” लेखनिक होता म्हणायचा! दारात डाव्या अंगाला एक तर्तियस मिळाला तर मीही दोन डझन नावं घेईन. पंचमंडळापुढे हा विषय दर वर्षी येतो आणि दर वर्षी खुर्च्यांच्या विषयानंतर येतो. खुर्च्यांचा विषय संपत नाही.

त्यामुळे लिहिणाराही मीच आणि वाचणाराही मीच. दुखण्यांची पूर्ण नावं लिहिलेला कागद बाकावर राहिला तर पंचाईत, म्हणून आद्याक्षरं लिहायची. आद्याक्षरांची गंमत मंगळवारी रात्री कळते. झग्याच्या खिशातून घडी निघते. त्यावर आपल्याच अक्षरात, घाईत लिहिलेलं: “पं. दु. बुध. 11.” पंचांचं दुखणं, बुधवारी अकराला भेट? की पंख्याची दुरुस्ती? फोन करून विचारावं, तर पंचांना “तुम्ही आजारी आहात का?” असं विचारणं म्हणजे रविवारचं ऐकलं नव्हतं हे कबूल करणं. मग बुधवारी साडेदहाला पिशवीत बायबल टाकायचं, टेस्टर टाकायचा, आणि आधी पंचांच्या घरावरून जायचं. दारात चपला जास्त दिसल्या तर बायबल. नेहमीएवढ्याच दिसल्या तर पुढे हॉलकडे, टेस्टर घेऊन.